शेर म्हणजे किलो नव्हे



आज आपण मापट्याविषयी बोलणार आहोत. तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या घरात ते अजून असेल. कुणाचं पितळेचं, कुणाचं लाकडी, कुणाचं पत्र्याचं. एखाद्या घरात नव्या नवरीने ओलांडायचं माप म्हणून ते लग्नापुरतं माळ्यावरून खाली येतं आणि पुन्हा वर जातं. आमच्याही गावात ते असंच पडून होतं. त्याची आठवण आम्हाला झाली ती मुंबईत, वांद्र्याच्या मैदानावर, आणि तीही पैसे बुडाल्यावर.

राज्यातल्या बचत गटांचं 'महालक्ष्मी सरस' हे प्रदर्शन तुम्हाला माहीत आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर ते अनेकदा भरलं आहे. तुमच्यातल्या काही जणी तिथे जाऊनही आल्या असतील. आमचा गट साताऱ्याकडचा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा चकलीची भाजणी घेऊन गेलो. भाजणी आमच्या आत्याबाईंच्या हातची. म्हणजे त्या गटातल्या एकीच्याच सासूबाई, पण आम्ही सगळ्याच त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांचं प्रमाण तोंडपाठ आहे: पायली तांदूळ, अधोली हरभऱ्याची डाळ, शेर उडदाची डाळ, मापटं मुगाची डाळ, मापटं पोहे, मापटं धने, चिपटं जिरं. गावात त्यांच्या भाजणीच्या चकलीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

आता एवढी भाजणी करायची, पाकिटांवर ग्रॅम लिहायचे, तर मापट्याने कोण मोजत बसणार? आम्ही किराणा किलोनेच आणला आणि हिशेब सोपा केला. शेर म्हणजे किलो. त्यावरून पायली चार किलो, अधोली दोन किलो, मापटं अर्धा किलो, चिपटं पाव किलो. याच्या पाचपट माल केला, गिरणीवरून दळून आणला, पाकिटं भरली आणि वांद्रे गाठलं.

पहिले दोन दिवस विक्री झकास झाली. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक पाकीट घेऊन परत आली. भांडली नाही बिचारी. म्हणाली, "ताई, चकली काळपट होते, सोऱ्यातून पडतानाच तुटते आणि तोंडात नुसते धनेच धने लागतात." आम्हाला वाटलं, हिने पाणी चुकवलं असेल. संध्याकाळपर्यंत दुसरी आली, मग तिसरी. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी आम्ही स्वतः चार चकल्या तळून पाहिल्या. तिघींचंही खरं होतं. उरलेली पाकिटं आम्ही विकली नाहीत, माघारी आणली. बँकेचा त्या महिन्याचा हप्ता आमच्या खिशातून भरला, आणि ती भाजणी पुढे कितीतरी महिने घरोघरी थालीपिठात गेली. अजून कुणी थालीपीठ म्हटलं की आमच्यातल्या दोघी तोंड वाकडं करतात.

चूक कुठे झाली हे आत्याबाईंच्या मापट्याने सांगितलं. घरी आल्यावर आम्ही ते सपाट भरून काट्यावर ठेवलं. तांदूळ भरले ४२० ग्रॅम. डाळीही थोड्याफार तेवढ्याच. पण त्याच मापट्यात पोहे बसले १९० ग्रॅम आणि धने फक्त १७० ग्रॅम. धना पोकळ, गोल; दाण्यादाण्यांत हवा. चार किलो तांदळाला आत्याबाईंच्या प्रमाणाने साधारण दोनशे ग्रॅम धने हवे होते. आम्ही घातले होते पाचशे. पोहे दुपटीहून जास्त, जिरंही दुप्पट. तांदूळ आणि डाळींचं आपसातलं प्रमाण मात्र बरोबर आलं होतं, कारण त्यांचं वजन मापाला सारखंच भरतं. म्हणून तर भाजणी दिसायला ठीक दिसली आणि आम्ही फसलो.

माप जागा मोजतं, काटा भार मोजतो. हे शाळेत आपण सगळ्याच शिकलो आहोत. तरीही "शेर म्हणजे किलो" हे आमच्या इतकं अंगवळणी कसं पडलं? या प्रश्नामागे लागलो तेव्हा दोन हजार वर्षं मागे जावं लागलं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनामापांवर एक सबंध प्रकरण आहे. त्यात द्रोण नावाचं धान्य मोजायचं माप आहे. चार कुडवांचा एक प्रस्थ, चार प्रस्थांचा एक आढक, चार आढकांचा एक द्रोण. यातला कुडव कोकणात आणि गोव्यात आपल्या आजीपणजींपर्यंत चालत आला. आता द्रोण केवढा? तर ज्यात दोनशे पळ वजनाचे उडीद मावतील एवढा. म्हणजे मापाचा आकार त्या काळीही वजनावरूनच ठरवला जात होता, आणि वजन कशाचं धरायचं तेही नेमून दिलेलं होतं: उडदाचं. नुसतं "दोनशे पळांचं माप" म्हणून भागत नाही, कशाचे दोनशे पळ हे सांगावं लागतं, ही गोष्ट त्या पुस्तकाच्या कर्त्याला पक्की ठाऊक होती. आम्हाला ती ठाऊक व्हायला वांद्र्याला जाऊन यावं लागलं.

पण त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. द्रोण एकच नाही, चार आहेत. सरकारी कोठारात धान्य घेण्याचा द्रोण दोनशे पळांचा. बाजारातल्या व्यवहाराचा त्याहून लहान, साडेसत्त्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८७॥ पळांचा. चाकरमाणसांना धान्य द्यायचा त्याहूनही लहान, १७५ पळांचा. आणि अंतःपुरात द्यायचा सगळ्यात लहान, १६२॥ पळांचा. नाव एकच, द्रोण. घेताना मोठा, देताना लहान, आणि राणीवशाच्या वाट्याला सगळ्यांत लहान! हे चोरून चाललेलं नव्हतं, उघड लिहून ठेवलेलं होतं.

आपल्या गावांत पुढे जे घडलं ते असं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण तुमच्या घरातल्या जुन्या बायांना विचारा. खंडाचं धान्य घालताना वाड्यावरचं माप वेगळं आणि मजुरी घेताना पदरात पडणारं माप वेगळं, असं त्या सांगतील. मापात शीग नावाची एक गोष्ट असते. मापाच्या काठाच्या वर धान्याची जी निमुळती रास राहते ती शीग. तिचं मूळ संस्कृत शिखा. तोही हिशेब कौटिल्याने केलेला आहे: माप वाळलेल्या, टणक लाकडाचं असावं आणि वरची शीग मापाच्या चौथ्या हिश्श्याइतकी धरावी, नाहीतर शिगेची जागा मापाच्या आतच धरून माप करावं. चौथा हिस्सा म्हणजे चार पायल्यांत एक पायली! ती शीग ठेवायची की हाताने सपाट पुसून टाकायची, हे ज्याच्या हातात माप असे तो ठरवी. झुकतं माप देणं हा शब्द आपण आज राजकारणाच्या बातम्यांत ऐकतो.

तरीही खेड्यापाड्यांत शतकानुशतकं धान्य मापानेच मोजलं गेलं, आणि त्याला कारण होतं. चांगला तराजू महाग. वजनं खरी आहेत की खोटी हे कुणाला कळत नाही. माप मात्र डोळ्यांसमोर भरतं. अडाणी बाईलाही भरलेलं माप आणि उणं माप दिसतं. मोजताना पहिलं माप टाकलं की "एक" न म्हणता "लाभ" म्हणायची पद्धत तुम्ही ऐकली असेल. लाभ, दोन, तीन असं मोठ्याने मोजायचं, म्हणजे सगळ्या खळ्याने ऐकायचं.

शिवाय आपली मापं फार शहाणपणाने केलेली होती. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पायलीपर्यंत सगळं दुपटीने वाढतं आणि निमपटीने उतरतं. आता आत्याबाईंचं प्रमाण पुन्हा ऐका: पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं. जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तशी ती भाजणी आहे. त्यांना आकडे पाठ करावे लागलेच नाहीत. फळीवर ओळीने मांडलेली मापं हीच त्यांची वही होती. आमच्या मते स्वयंपाकाची इतकी पक्की वही पुढे कुणी केली नाही.

पायलीच्या वर मात्र गोंधळ सुरू होतो. सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी असं आपण पाढ्यांत शिकलो, पण कुठे बारा पायल्यांचाही मण होता. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या बाजारात कोष्टकच निराळं होतं: दोन टिपऱ्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा फरा आणि आठ फऱ्यांची खंडी. देशावरची खंडी तीनशेवीस पायल्यांची, मुंबईची एकशेअठ्ठावीस पायल्यांची. वांद्रे तर तेव्हा मुंबई नव्हतंच. ते साष्टी बेटावरचं, खाडीपलीकडचं, भातशेतीचं गाव. १८४५ साली माहीमचा पूल होईपर्यंत तिथून मुंबईत यायला होडी लागे. साष्टीच्या जुन्या हिशेबांत भात मुड्यांनी मोजलेलं आढळतं. मुडा म्हणजे पेंढ्यात घट्ट बांधलेला भाताचा गठ्ठा. तेव्हा खाडी ओलांडली की माप बदलायचं.

हे झालं मापाचं. वजनाचंही तसंच. जुन्या कागदांत या दोन पद्धतींना दोन नावं आहेत, कैली आणि वजनी. कैली खंडी म्हणजे मापाने भरलेली. धान्य कैली, सोनं, औषध, मसाला वजनी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आणि शेर? शेर दोन्हीकडे! एक मापी शेर, एक वजनी शेर. वजनी शेर पुन्हा कच्चा आणि पक्का. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे ९३३ ग्रॅम. मुंबईच्या बाजारातला शेर २८ तोळ्यांच्या आसपास, जेमतेम ३१७ ग्रॅम. चाळीस शेरांचा मण दोन्हीकडे, पण पक्का मण सव्वासदतीस किलोंहून थोडा जास्त आणि मुंबईचा मण २८ पौंडांचा, पावणेतेरा किलोंच्या आतबाहेर. शेरास सव्वाशेर म्हणतात, इथे तर शेरास तिप्पट शेर निघाला.

अशा काळात मराठीत पाककृती छापायला सुरुवात झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं सूपशास्त्र १८७५ सालचं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया १९१० सालचं, मुंबईतलं. त्या काळच्या पुस्तकांची भाषा शेर, तोळे, मासे अशीच. कुणाकडे आजीचं जुनं पुस्तक असेल तर त्यातलं काही करण्याआधी शेर कुठला हे बघा. पुस्तक मुंबईचं आणि शेर आपल्या गावचा धरलात तर आमच्या भाजणीसारखं व्हायचं.

सरकारला हा गोंधळ दिसत होता. मुंबई प्रांतात १९३२ साली वजनामापांचा कायदा झाला, त्यात ८० तोळ्यांचा शेर प्रमाण धरला. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली संसदेने मेट्रिक पद्धतीचा कायदा केला. १९५७ च्या एप्रिलमध्ये आणे जाऊन नवे पैसे आले. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि १९६२ पर्यंत बाजारातला शेर कायद्याने संपला.

आमच्या चुकीचं मूळ या चार वर्षांत आहे. वजनी शेर ९३३ ग्रॅमचा, किलो १००० ग्रॅमचा. फरक ६७ ग्रॅमचा, भाजीबाजारात कोण लक्षात घेतो? लोकांनी शेराचं नाव किलोला दिलं. आजही आपण पावशेर म्हणतो आणि अडीचशे ग्रॅम घेतो. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा होता. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, तोही शब्द अजून चालतो. यात बिघडलं काहीच नाही, कारण वजनाच्या जागी वजनच आलं. पण मापी शेर या गडबडीत कुणाच्या ध्यानात राहिला नाही. त्याच्या बदल्यात घरात काहीच आलं नाही. बायांनी फळीवरची मापं उतरवली आणि त्यांच्या जागी वाटी घेतली.

वाटीला खरी प्रतिष्ठा दिली ती सांगलीकडच्या कमलाबाई ओगले यांनी. त्यांचं रुचिरा १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या प्रमाणामुळे नवशिक्या मुलींच्या हाती ते घरोघर गेलं. तराजू नसलेल्या स्वयंपाकघरात वाटीच उपयोगाची, हे त्यांनी ओळखलं. अमेरिकेत हेच काम बॉस्टनच्या फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ सालच्या आपल्या पुस्तकातून केलं होतं. त्यांचा आग्रह असा, की कप आणि चमचा वरून सुरीने सपाट करूनच मोजायचा. म्हणजे शीग तिथेही नडत होतीच. वाटीने एका घरापुरतं उत्तम काम होतं. तीच वाटी सगळ्या पदार्थांना वापरली की प्रमाण बिघडत नाही. अडचण येते ती दोन घरांत दोन आकारांच्या वाट्या असतात तेव्हा, आणि त्याहून मोठी अडचण येते ती माल विकायला निघाल्यावर.

पाकिटबंद मालाला आता कायदा आहे. २००९ सालचा वैध मापनशास्त्र कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम. पाकिटावर निव्वळ वजन ग्रॅम-किलोत, किंमत, तयार केल्याचा महिना, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं लागतं. मापटं तिथे चालत नाही. आणि ते योग्यच आहे असं आमचं मत आहे. गिऱ्हाइकाला आत्याबाईंची शीग दिसत नसते.

वांद्र्यातच आम्हाला वजनाने चालणारी दोन कामं कळली. पहिलं एका म्हाताऱ्या आंटींकडून. त्या वांद्र्याच्या जुन्या गावठाणातल्या, ईस्ट इंडियन समाजाच्या. आमच्या स्टॉलवर मिरची बघायला आल्या आणि तासभर बसल्या. त्यांच्या घरचा बाटली मसाला म्हणजे वीस-पंचवीस जिनसांचा. पूर्वी एप्रिल-मे महिन्यांत मसाला कांडणाऱ्या बाया लांब मुसळं घेऊन घरोघर यायच्या, आणि झालेला मसाला बिअरच्या काळपट बाटल्यांत दाबून भरला जायचा, उजेड लागू नये म्हणून. त्यांचं सगळं प्रमाण मिरचीच्या वजनाला टांगलेलं. किलो मिरचीला इतके ग्रॅम धने, इतके तीळ, इतकी हळद. आम्ही विचारलं, वाटीने का नाही? त्या हसल्या. म्हणाल्या, "सुकी मिरची वाटीत कशी मोजशील गे?" खरंच, मिरची आणि तमालपत्र कुठल्या मापात बसवणार? मसाल्याचं वजनी असणं आणि भाजणीचं कैली असणं, दोन्ही त्या त्या वस्तूच्या अंगानेच ठरलेलं आहे.

दुसरं लिज्जत पापडाचं. श्री महिला गृह उद्योगाची सुरुवात १५ मार्च १९५९ ला गिरगावात झाली. सात जणी, उसने घेतलेले ८० रुपये आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं. आज त्या संस्थेचं मुख्य कार्यालय वांद्र्याला, स्वामी विवेकानंद मार्गावर आहे. तिथली रीत अशी, की भिजवलेलं उडदाचं पीठ शाखेतून तोलून घरी न्यायचं, पापड लाटून वाळवून आणायचे, ते पुन्हा तोलायचे आणि किलोवर मजुरी घ्यायची. पिठातलं पाणी वाळताना उडून जातं, म्हणून पापड पिठापेक्षा हलके भरतात. ती तूट धरूनच हिशेब चालतो. हजारो जणींनी लाटलेला पापड सारख्याच चवीचा निघतो, यामागे मसाल्याची गुपितं असतील तेवढी असोत, काटा नक्की आहे.

आता आम्ही काय केलं ते सांगतो, कारण तुमच्यातल्या कुणाला उद्या ऑर्डर आली तर उपयोगी पडेल. गटासाठी एक इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. एक वाटी कायमची ठरवली, तिच्यात पाणी दोनशे ग्रॅम मावतं. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा, जिन्नस भरायचा, पट्टीने वरून सपाट करायचा, मग वाचायचं. तीनदा भरून तीनदा वाचायचं आणि मधला आकडा लिहायचा. आमच्या वाटीत तांदूळ १६५ ग्रॅम बसले, साखर १७०, रवा १४०, शेंगदाणे १२०, कणीक १०५, बेसन ९५, खवलेला नारळ ६५. तेल १८० च्या थोडं वर. मीठ भरलं २४०, पाण्याहूनही जड! पिठांचं मात्र सांभाळा. चाळलेली कणीक आणि दाबून भरलेली कणीक यांत एका वाटीला वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक आम्हाला दिसला. म्हणून पीठ नेहमी वजनीच घ्या. दाणे वाटीने घेतले तर एवढं अडत नाही. आणि आमचे आकडे तुमच्या वहीत उतरवू नका. तुमचा तांदूळ वेगळा, तुमची वाटी वेगळी.

हाच हिशेब उलटाही कामाला येतो. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. सगळ्यांच्या घरी काटा नसतो. पण आत्याबाईंच्या मापट्यात तांदूळ ४२० ग्रॅम बसतात हे एकदा कळल्यावर माणशी बारा मापटी सपाट भरली की पाच किलो झाले. आमच्या वस्तीतल्या बाया आता रेशन आणल्यावर घरी एकदा मापून बघतात. त्यासाठी प्रत्येकीने आपलं मापटं गटाच्या काट्यावर एकदा तपासून घेतलं, आणि खिळ्याने बुडाशी आकडा कोरला. कुणाचं ४०५, कुणाचं ४३०. एकाच कासाराकडची दोन मापटीसुद्धा सारखी निघाली नाहीत.

आणि भाजणी? मापट्यावरून काढलेल्या ग्रॅमांनी आम्ही ती पुन्हा केली. रंग आला, धन्याचा वास बेतात आला, चकली तुटायची थांबली. पण दुसऱ्या दिवशी ती मऊ पडायची. आत्याबाईंची कधी पडली नव्हती. चार वेळा आकडे तपासले, सगळे बरोबर. शेवटी आम्ही त्यांनाच ओसरीवर बसवलं, मापं पुढ्यात ठेवली, धान्याची सुपं मांडली आणि म्हटलं, काही बोलू नका, नेहमीसारखं घ्या फक्त. त्यांनी पायली तांदळात बुडवली आणि वर काढली. काठावर तांदळाची चांगली उंच शीग होती. ती त्यांनी तशीच सुपात ओतली. मग हरभऱ्याची डाळ घेतली आणि तळव्याने सपाट पुसली. उडीद सपाट, मूग सपाट, पोहे, धने, जिरं, सगळं सपाट.

"आत्याबाई, तांदूळ शिगेचा घ्यायचा हे कधी बोलला नाहीत?"

"त्यात काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "तांदूळ शिगेचाच असतो की."

ती शीग आम्ही वेगळी काढून तोलली. ३०० ग्रॅमच्या वर भरली. वहीत तांदळापुढचा आकडा खोडून नवा घातला, आणि त्यांच्याच सांगण्यावरून शेजारी कंसात लिहिलं: शिगेसकट.